परत येणाऱ्याचं पीठ

“पण खिंड उघडी आहे की नाही, बुवा, एवढंच सांगा. बाकीचं सगळं मला माहीत आहे.”

अजित मगदूम दारातच उभा होता. मागे त्याची गाडी सुरूच होती.

धर्मगिरी बुवा टकळीवर लोकर कातत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“उघडी आहे. गाडी बंद कर, बूट काढ, आत ये.”

“बाराच्या आत नाला ओलांडायचाय.”

“नाला कुठं पळून जातोय?”

हिमालयातल्या एका उंच खिंडीच्या पायथ्याशी हा मठ होता. मठ म्हणजे एक दगडी खोली, एक धुनी, एक चूल आणि छपरावर फडफडणारं भगवं निशाण. दुपारी ऊन तापलं की वरचं बर्फ वितळतं आणि नाल्याचं पाणी रस्त्यावर येतं. म्हणून खिंडीकडे जाणारा प्रत्येक जण सकाळी बुवांना विचारून पुढे जायचा. बुवा मूळचे गडहिंग्लजकडचे गोसावी. चाळीस वर्षांपूर्वी इथं आले आणि राहिले. त्यांची बोली इतक्या वर्षांत झिजली होती, पण गेली नव्हती.

मगदूम इचलकरंजीचा. यंत्रमागाचे सुटे भाग बनवायचा त्याचा कारखाना. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला सगळं पाठ होतं, आणि ज्याला सगळं पाठ असतं त्याला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

बाहेर गाडीचा आवाज थांबला. त्याची बायको हर्षदा चावी मुठीत धरून आत आली आणि तिनं वाकून नमस्कार केला.

“कशाला बंद केलीस?” अजित म्हणाला.

“बुवा म्हणाले ना.”

“आत्ता साडेदहा झालेत, हर्षदा.”

“व्हय,” बुवा म्हणाले. “बसा दोघं.”

अजित बसला, पण अर्धाच. गुडघा हलत होता.

त्यानं बगलेतली फाइल उघडून बुवांपुढे धरली. सहा महिने खपून केलेला कागद होता तो. दिवस, वेळ, उंची, पेट्रोल, मुक्काम, सूर्यास्त. सगळं रंगीत रकान्यांत.

“सतरा दिवस,” तो म्हणाला. “नऊ खिंडी, अकरा तलाव. आणि ह्यात एक गंमत आहे बघा. एकही रस्ता दोनदा नाही.”

“एकही नाही?”

“एकही नाही. लोक जातात त्याच रस्त्यानं परत येतात. निम्मी सहल फुकट. मी गोल आखलाय. आत्तापर्यंत चार खिंडी केल्या. ही पाचवी.”

“केल्या?” बुवांची टकळी थांबली. “मी चाळीस वर्षं हिच्या पायाशी बसलोय. माझ्याच्यानं अजून एक झाली नाही.”

हर्षदा हसली. अजित हसला नाही.

बुवांनी कागदावर बोट ठेवलं. “हे काय खोडलंय?”

“कुठलं? ते होय. तिसऱ्या दिवशी ‘आराम’ लिहिलं होतं. उंचीची सवय व्हावी म्हणून, सगळे तसंच लिहितात. पण अख्खा दिवस खोलीत लोळायचं? तो काढला आणि तिथं एक तलाव घातला.”

“बरा होता का तलाव?”

“छान होता.”

“तुला आठवतो?”

अजितनं खिशातला फोन चाचपला. मग म्हणाला, “फोटो आहेत.”

...

चुलीजवळच्या खुंटीवर कापडाच्या लहान लहान पुरचुंड्या टांगलेल्या होत्या. हर्षदा त्यांच्याकडे बघत होती.

“हे काय असतं, बुवा?”

“पीठ. वर जाणारा माणूस जाताना मूठभर पीठ इथं ठेवतो. मेंढपाळ ठेवतो, ट्रकवाला ठेवतो. परत आला की त्याच पिठाची भाकरी मी त्याला करून घालतो. माझ्या गुरूंच्याही आधीपासून चालत आलंय. तुम्हीपण ठेवा.”

“आम्हाला गरज नाही,” अजित म्हणाला. “आम्ही पलीकडं उतरणार. ह्या वाटेनं परत येणारच नाही.”

“अहो!” हर्षदाच्या तोंडून निघालं. “असं बोलू नये.”

“अगं, रस्त्याचं सांगतोय मी.”

“तरी बोलू नये. घरातून निघतानासुद्धा आपण ‘जातो’ म्हणत नाही.”

ती उठून गाडीपाशी गेली. घरून आणलेल्या डब्यातली मूठभर थालिपिठाची भाजणी तिनं रुमालात बांधून आणली. धण्याजिऱ्याचा वास खोलीत पसरला. बुवांनी पुरचुंडी नाकाशी नेली आणि किती तरी वेळ डोळे मिटून बसले.

मग ती खुंटीवर टांगली.

त्या खुंटीच्या टोकाला आणखी एक पुरचुंडी होती. धुरानं काळीठिक्कर पडलेली.

“हे गिऱ्हाईक विसरलं वाटतं,” अजित म्हणाला.

“माझा गुरुबंधू. सोमगिरी.”

“कधी ठेवली त्यानं?”

“एकोणीस वर्षं झाली.”

अजितनं पुरचुंडीवरून नजर काढली. पण गुडघा हलायचा थांबला नाही.

...

“डोकं कोणाचं दुखतंय?” बुवांनी विचारलं.

प्रश्न इतका अचानक आला, की दोघंही एकदम बोलले.

“हिचं,” अजित म्हणाला.

“माझं,” हर्षदा म्हणाली. “काल संध्याकाळी दुखत होतं. रात्री झोपले, सकाळी दुखायचं राहिलं.”

“आणि तुझं?”

“मला काय झालंय?” अजितनं फाइल मिटली. मिटताना आतून गोळ्यांची एक पट्टी खाली पडली. चार खळगे रिकामे होते.

हर्षदानं ती उचलली.

“ह्या कोणाच्या?”

“तुझ्यासाठीच घेतल्या होत्या. डोकेदुखीच्या.”

“मला तर तुम्ही एकही दिली नाहीत...”

धुनीतलं लाकूड तडतडलं. बाहेर वारा सुटला होता, आणि खिंडीच्या अंगाला एक पांढरा ढग येऊन बसला होता.

“सकाळी काय खाल्लंस?” बुवांनी विचारलं.

“भूक नव्हती.”

“काल रात्री?”

“बुवा, मी नाल्याचं पाणी विचारायला आलोय. माझी तपासणी करायला नाही.” त्याचा आवाज चढला. “मी मशीनवर काम करणारा माणूस आहे. तीस वर्षं. एक सूत इकडचं तिकडं झालेलं मला कारखान्यात चालत नाही. डोळ्यानं बघून सांगतो मी, किती सुताचा फरक आहे. मला कळत नाही होय, मी बरा आहे की नाही ते?”

बुवांना हे ऐकून राग आला नाही. उलट त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

“सूत म्हणालास?” ते म्हणाले. “सूत आहे की माझ्याकडं.”

त्यांनी टकळीवरचा धागा सोडवला. जाड, पांढरा, लोकरीचा. त्याचं एक टोक चुलीपाशी दगडाखाली ठेवलं, दुसरं उंबऱ्याशी. फरशीवर एक सरळ रेघ पडली, दहा-बारा पावलांची.

“पोरी, तू आधी चाल. टाचेला बोट लावत. ह्या पायाचं बोट त्या टाचेला, असं.”

हर्षदा उठली. हात थोडे पसरून ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि वळून परत आली. लहानपणीच्या खेळासारखं वाटून तिला हसू आलं.

“आता तू.”

“हा काय पोरखेळ आहे?”

“नाल्याचं पाणी कुठून ओलांडायचं, कुठला दगड टाळायचा, ते मी चाललेल्याला सांगतो. बसलेल्याला नाही.”

अजित उठला. उठताना त्यानं भिंतीला हात लावला. हर्षदानं ते पाहिलं.

पहिलं पाऊल बरोबर पडलं. दुसरंही. तिसऱ्याला तो डावीकडे कलला आणि सुतापासून वीतभर बाजूला जाऊन उभा राहिला.

“मोजे घसरतात,” तो म्हणाला.

“काढ.”

त्यानं मोजे काढले. फरशी बर्फासारखी गार होती. ह्या वेळी पाच पावलं झाली. मग पुन्हा डावीकडे.

“ही फरशी उतरती आहे.”

“असेल,” बुवा म्हणाले.

आणि ते उठले. खुंटीवरून त्यांनी हर्षदाची पुरचुंडी काढली, परातीत मोकळी केली आणि तांब्यातलं पाणी घालून पीठ मळायला घेतलं.

हर्षदा त्यांच्या हातांकडे बघत राहिली.

“बुवा...” ती हळूच म्हणाली. “ते तर परत आल्यावरचं ना?”

“व्हय,” बुवा म्हणाले. आणि मळत राहिले.

तिचे डोळे एकदम भरून आले. अजितचं लक्ष नव्हतं. तो घड्याळ बघत होता.

“अकरा वाजले. चल, उठ. चावी दे.”

तिनं चावी दिली नाही.

“हर्षदा, चावी.”

“सोमगिरीचं काय झालं, बुवा?” तिनं विचारलं. नजर नवऱ्यावरच होती.

बुवांनी तवा चुलीवर ठेवला.

“त्याला वाट पाठ होती. माझ्यापेक्षा जास्त. हिवाळ्याच्या तोंडाला निघाला. मी म्हटलं, डोकं दुखतंय म्हणतोस, आज थांब. म्हणाला, डोळे बांधून जाईन. हे पीठ ठेवलं आणि गेला.” त्यांनी चुलीत लाकूड सारलं. “दुसऱ्या दिवशी यायचा होता. मी संध्याकाळी भाकरी केली. गार झाली. तिसऱ्या दिवशी पुन्हा केली... तीही गार झाली. मग उरलेलं पीठ बांधून ठेवलं.”

“आणि?”

“उन्हाळ्यात सापडला. वाटेपासून चाळीस पावलांवर. वाट त्याला पाठ होती गं. त्या दिवशी पायांना नव्हती.”

 ओल्या फडक्यावर थालीपीठ थापल्याचा तेवढा आवाज येत होता. थाप... थाप... थाप.

अजितच्या कपाळाची शीर उडत होती.

“तुम्ही मला घाबरवताय,” तो म्हणाला. “आज मागं फिरलो तर पुढचं सगळं मोडतं. पलीकडचं हॉटेल, परवाचा तलाव, सगळं. एक दिवस मागं गेला की सतराच्या सतरा दिवस कोसळतात, कळतंय का? सहा महिने मी रात्री जागलोय ह्याच्यासाठी. कोणासाठी? हिच्यासाठी. लग्नाला वीस वर्षं झाली, हिला कुठं नेलं नाही मी. कारखाना, कारखाना आणि कारखाना. एकदा म्हटलं, सगळं दाखवीन. सगळं.”

 ते खरं होतं. ह्या माणसाचा सगळा हट्ट प्रेमातून आला होता, आणि म्हणूनच तो मोडणं इतकं कठीण होतं.

हर्षदा उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली. मुठीतली चावी तिनं छातीशी धरली होती.

“एकदाच चाला,” ती म्हणाली. “तिथून इथपर्यंत. माझ्यापर्यंत चालत आलात तर चावी तुमची. शेजारी बसते आणि पलीकडं उतरेपर्यंत एक शब्द बोलत नाही.”

“वचन?”

“वचन.”

बुवांनी तव्यावरून नजर उचलली नाही.

अजित चुलीपाशी गेला. पाय जुळवले. श्वास घेतला. कारखान्यात माप घेताना मिटतो तसे त्यानं ओठ मिटले आणि निघाला.

एक. दोन. तीन.

चार. पाच.

सहा...

तो चालत राहिला. ह्या वेळी थांबला नाही, धडपडला नाही, भिंत धरली नाही. मान ताठ होती. नजर समोर, बायकोच्या मुठीवर. दहा पावलं झाल्यावर तो थांबला आणि त्यानं हात पुढं केला.

“झालं? आण चावी.”

हर्षदा हलली नाही. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

“आण ना. सुतावरच आहे की मी!”

“अहो...” तिनं खाली बोट दाखवलं. “सूत इकडं आहे.”

त्यानं खाली पाहिलं.

पायाखाली नुसती फरशी होती. सूत हातभर लांब, उजवीकडे, पांढरंशुभ्र पडलं होतं. आणि तो हर्षदासमोर नव्हता. तो दाराशेजारच्या भिंतीकडे हात करून उभा होता.

...

थालिपिठाचा खमंग वास सुटला होता. इचलकरंजीच्या घरातला वास.

अजित तिथंच खाली बसला. लहान मुलासारखा फतकल मारून.

“हर्षदा,” तो म्हणाला, “सकाळपासून मला रस्ते दोन दिसतायत.”

ती त्याच्याजवळ येऊन बसली.

“मघाच्या चढावर, त्या मोठ्या वळणाला... एकाच कड्याचे दोन कडे दिसले मला. कुठला खरा कळेना. मी मनात म्हटलं, प्लॅनमध्ये वळण डावीकडं आहे. आणि डावीकडं घातली.”

“आणि मी बाजूला बसून ढगांचे फोटो काढत होते,” हर्षदा म्हणाली. तिनं त्याचा हात घट्ट धरला. 

“थोडा वेळ पडतो इथं,” तो बुवांना म्हणाला. “दोन तास. बरं वाटलं की मग...”

“नाही,” बुवा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. “पडायचं नाही. थांबायचं नाही. ही विरळ हवा लागलीय तुला, इथं राहिलास तर वाढेल. आत्ता खाली. काल जिथं निजला होतात त्याच्याही खाली. गावातल्या दवाखान्यात.”

“त्याच रस्त्यानं?”

“त्याच.”

अजितनं फाइलकडे पाहिलं. ती चुलीजवळ उघडी पडली होती. त्यानं ती उचलली नाही.

“हिला घाटात गाडी चालवायची सवय नाही,” तो म्हणाला. ह्या वेळी त्यात तक्रार नव्हती, नुसती भीती होती.

“आज होईल,” हर्षदा म्हणाली.

खिंडीकडून एक रिकामा ट्रक उतरत होता. बुवांनी रस्त्यावर जाऊन त्याला हात केला आणि ड्रायव्हरला पहाडी बोलीत चार शब्द सांगितले. तो मान हलवून म्हणाला, मी पुढं हळू चालतो, ताईंना माझ्या मागं येऊ दे.

हर्षदानं गाडी सुरू केली. पहिल्या खेपेला बंद पडली. दुसऱ्या खेपेला तिनं ती मागंपुढं करत, घाम पुसत, सहा वेळा स्टिअरिंग फिरवून उताराकडे वळवली. सहा महिन्यांच्या त्या कागदात ह्या वळणासाठी रकाना नव्हता.

अजित शेजारच्या सीटवर बसला होता. मान मागं टेकलेली, डोळे अर्धवट मिटलेले.

“बुवांना सांगायचं राहिलं,” तो पुटपुटला. “जा...” आणि थांबला. “येतो म्हणायचं राहिलं.”

बुवा खिडकीशी आलेच होते. ज्या रुमालात भाजणी बांधून आणली होती, त्याच रुमालात थालीपीठ होतं.

“घे. परत येणाऱ्याचं आहे.”

अजितनं रुमालाकडे पाहिलं. मग वर खिंडीकडे. ढग आता पुरता खाली उतरला होता, वाट दिसत नव्हती.

“पण बुवा...” तो म्हणाला, “मी तर गेलोच नाही.”

बुवांनी रुमाल त्याच्या दोन्ही हातांवर ठेवला.

“म्हणून तर गरम आहे.”